रुजवणीतलं दार

घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात मी विचारलं होतं, की समजा घराला आग लागली तर? सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काडेपेटी माझ्याच हातात आहे. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. गेल्या नवरात्रात मात्र तोच प्रश्न मला उठता-बसता छळत होता, कारण आमच्या घटाच्या मातीत एक भलामोठा जिवंत कोळी होता आणि तो मीच तिथे नेऊन ठेवला होता.

त्याआधी आमची बिल्डिंग सांगायला हवी. बोरीवली पूर्वेला, गल्लीच्या अगदी शेवटी, नॅशनल पार्कच्या भिंतीला पाठ लावून ती उभी होती. मागे पंपरूम, पंपरूमच्या मागे मातीचा चढ, आणि चढाच्या डोक्यावर पार्कची भिंत. स्लॅबचे पोपडे पडायला लागले, खांबांतल्या सळ्या दिसायला लागल्या, आणि इतर सगळ्या सोसायट्यांसारखी आमचीही रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळी झाली की घरं रिकामी करायची होती. नवं घर मिळेपर्यंत काही वर्षं भाड्याने राहायचं होतं.

बाकीच्यांना नव्या घराचे वेध लागले होते. मला एकच धास्ती होती: सासूबाई या हलवाहलवीतून जगतील का? वय ऐंशीच्या पुढे. गिरणगावातली खोली सोडून त्या या घरात आल्या तेव्हा माझा नवरा शाळेत होता. तेव्हापासून त्या इथून गावी आणि गावाहून इथे, एवढंच. आणि मला अनुभव होता. माझी आई भांडुपची आमची जुनी खोली सोडून भावाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि पहिल्या पावसाळ्यातच गेली. आजार असा काही नव्हता. नुसती खुर्चीत बसून असायची, कोणी काही विचारलं तर "बरं आहे" म्हणायची. बरं आहे, बरं आहे म्हणता म्हणता संपली. त्यामुळे सासूबाईंनी रिडेव्हलपमेंटला मुकाट्याने होकार दिला तेव्हाच मला ते खटकलं. आमच्या सासूबाई मुकाट्याने काही करणाऱ्यांतल्या नाहीत. पंख्याचा वेग, टीव्हीचा आवाज, वाळत घातलेल्या चादरीची घडी, कशावरूनही त्या माझ्याशी दोन हात करत आल्या आहेत आणि मीही काही गप्प बसणारी नाही. पण घर सोडायचं ठरलं आणि त्यांचं भांडणच बंद झालं. लोक म्हणतील बरं झालं. मला मात्र झोप येईना.

तर घटाची माती. आमच्याकडे घटाभोवती धान्य पेरतात, त्याला रुजवण म्हणतात. हल्ली स्टेशनबाहेर मातीची पाकिटं मिळतात, काळीभोर, चाळलेली. सासूबाईंना ती चालत नाहीत. "पाकिटातल्या मातीक काय वास आसा?" हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. माती आपण जाऊन आणायची आणि डोंगराचीच आणायची. त्यामुळे दर घटस्थापनेच्या सकाळी मी खुरपं घेऊन पंपरूमच्या मागे जाते.

गेल्या वर्षी मला वाटलं, या घरातला हा शेवटचा घट, माती जरा चांगली बघून घेऊ. एरवी मी पायथ्याशी घसरून आलेली सुटी माती भरते. त्या दिवशी उंबराच्या मुळांखाली, सावलीत, मातीची उभी कड होती तिथे गेले. पावसाने ती गार, ओली आणि शेवाळाने हिरवीगार झाली होती. खुरप्याने वडी कापावी तसा मी तिचा एक जाड तुकडा कापला आणि पिशवीत घातला. इतकी देखणी माती मिळाली म्हणून स्वतःवरच खूश झाले.

स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्र पसरून तो तुकडा फोडायला घेतला. जवळच परडीत त्याच्या कडांची बरीचशी माती आधीच मोकळी करून ठेवली होती. तुकडा मधोमध फुटला आणि आतून पांढरी, मऊ, बोटभर रुंदीची नळी निघाली. कशाची मुळी आहे म्हणून मी ओढली तर ती रेशमासारखी ताणली गेली. आणि तिच्यातून कोळी पडला. घरात भिंतीवर दिसतो तसला काटकुळा नव्हे. काळपट तपकिरी, तुकतुकीत, आखूड जाड पायांचा, सुपारीएवढा. तो पळाला नाही. पुढचे पाय उचलून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी एवढी मागे सरकले की फ्रिजला धडकले. तेवढ्यात तो परडीत उतरला आणि मोकळ्या मातीत दिसेनासा झाला.

"गो, मुहूर्त टळतलो मा!" बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, आणि नवरा आत येऊन परडी उचलून घेऊन गेलासुद्धा.

मी तोंड उघडायला हवं होतं. पण कसं उघडणार? या घरातल्या शेवटच्या घटाच्या मातीतून काळा कोळी निघाला, हे ज्या बाईच्या काळजीने मी आधीच अर्धी झाले होते तिला सांगायचं? त्यांनी त्याचा काय अर्थ लावला असता देव जाणे. मी गप्प राहिले. परडीत धान्य पेरलं गेलं, मधोमध कलश बसला, त्यावर नारळ, शेजारी अखंड दिवा. झालं. आता दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नव्हता.

हात लावायचा नव्हता म्हणजे हलवायला. पाणी मात्र रोज घालायचं, आणि ते घालायचा मान सासूबाईंचा. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्या एका हाताने माती चाचपतात आणि दुसऱ्या हाताने पळीने पाणी घालतात. मला डोळ्यांसमोर दिसत होतं: त्यांचं सुरकुतलेलं बोट आणि मातीखाली पाय उचलून बसलेला तो कोळी.

ओट्यावरच्या वर्तमानपत्रावर रेशमाची फाटकी नळी तशीच होती आणि तिच्या टोकाला एक गोल चकती लोंबत होती. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान, मातीची, वरून शेवाळ लावलेलं. एका बाजूने ती रेशमाने नळीला जोडलेली होती. उघडून-मिटून पाहिली तर चक्क दार होतं, बिजागरीवर बसवलेलं. मी फोटो काढला आणि पार्कात सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. दुपारी त्यांचाच फोन आला.

"काकू, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं.

"अहो, ट्रॅपडोअर आहे तो. दार करणारा कोळी. या डोंगरातल्या एका जातीला तर मुंबईचंच नाव दिलेलं आहे. तुम्ही तिचं घर उपटलंत."

"तिचं?"

"एवढं मोठं दार म्हणजे मादीच. नर मोठे झाले की बीळ सोडून भटकतात. माद्या नाही. लहानपणी जिथे बीळ खणतात तिथेच जन्मभर. मोठ्या होतात तसं बीळ रुंद करत जातात, दाराला कड लावत जातात. तुमची ही बरीच वर्षं त्या कडेत बसलेली असणार."

"चावते का?"

"फारच छेडलंत तर चावेल. दुखेल. बाकी काही नाही. तिला तुमच्यापासून धोका आहे काकू, तुम्हाला तिच्यापासून नाही."

माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग सहज, काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता ती नवं घर करेल ना?"

"पिल्लू असतं तर केलं असतं. मोठ्या माद्यांचं सांगता येत नाही. एकदा बाहेर काढलं की बऱ्याच जणी परत खणतच नाहीत. नुसत्या बसून राहतात, आणि मग संपतात."

मी फोन कानाला लावून उभी होते आणि समोर गॅलरीत सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर हात, नजर डोंगराकडे. नुसत्या बसून राहतात, हे शब्द मला मारल्यासारखे लागले. मी एवढी शिकलेली बाई, बँकेत नोकरी केलेली, शकुन-अपशकुनावरून सासूबाईंची चेष्टा करणारी. आणि त्या क्षणी माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकलं: ही जगली तर त्या जगतील. असलं काही ठरवू नये हे कळत होतं. पण ठरलं ते ठरलं, मोडता येईना.

मॅडमनी सांगितलं, तिला परत कडेवर नेऊन सोडा. मी सांगितलं, घट हलवता येत नाही. यावर त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्याही घरी घट असावा. म्हणाल्या, "मग परडीतच कडेला पेन्सिलने तिरकं, ती मावेल एवढं भोक करून ठेवा. खोल. तयार भोक मिळालं तर कधी कधी आत शिरतात. आणि त्या बाजूला पाणी बेताने."

देवासमोर पेन्सिल घेऊन बसलेली मी सासूबाईंनी पाहिली. "काय करतंस गो?"

"माती भुसभुशीत करते, आई."

एरवी त्यांनी माझी अक्कल काढली असती. त्या फक्त "हूं" म्हणाल्या. मग मी धीर करून म्हटलं, की यंदा पाणी मी घालते, तुम्हाला वाकायला त्रास होतो. हा मान त्यांनी कधी कोणाला दिला नव्हता. नणंदेने एकदा पळी उचलली होती तर दोघींत दिवाळीपर्यंत अबोला होता. त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि परत गॅलरीत जाऊन बसल्या. पळी मिळाली, पण मला रडू यायचं बाकी राहिलं.

पुढचे दिवस मी घटापाशी पहारा केला. सकाळी दिव्यात तेल घालायला उठले की आधी ते भोक बघायचं. ते रिकामं. संध्याकाळी आरतीला सगळे टाळ्या वाजवताहेत आणि मी भोकाकडे डोळे लावून. धान्याला कोंब आले, पिवळे-पांढरे, आणि एका पहाटे त्या कोंबांमध्ये ती बाहेर येऊन बसलेली दिसली. उघड्यावर. दिव्याच्या उजेडात तिची पाठ चकाकत होती. मी फुंकर घातली तर पाय थोडे आवळले, बस. खणणं नाही, पळणं नाही. मी तिला हळू आवाजात चांगलंच झापलं. बसून काय राहिलीस, हातपाय हलव ना, म्हटलं. देवीने ते ऐकलं असेल तर तिला वाटलं असेल, ही आपल्यालाच बोलते.

नवरा तेव्हा खोकी जमवत होता. मुलुंडला त्याच्या ऑफिसमधल्या एकाचा फ्लॅट रिकामा होता, तो ठरला होता, आणि घरात जिकडेतिकडे दोरे, खोकी, चिकटपट्ट्या. मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे तू आईचं भवितव्य एका कोळ्यावर ठरवणार?" तो म्हणाला. "वाट लागली. बँकेत लोकांना कर्जं तू अशीच द्यायचीस का गं?"

"तू हस. माझी आई गेली तेव्हा पण तुम्ही सगळे म्हणत होतात, होईल सवय."

त्याचं हसणं थांबलं. एका खोक्याला तो विनाकारण दुसऱ्यांदा पट्टी लावत बसला. मग म्हणाला, "मला काय कळत नाही का? ती माझ्याशीपण भांडत नाहीये." मला वाटत होतं, ही धास्ती माझ्या एकटीची आहे. ती त्यालाही आहे हे कळल्यावर आधार वाटायला हवा होता. उलट ती दुप्पट झाली.

आणि मग एका सकाळी भोक नव्हतं.

आधी वाटलं, माती ढासळली आणि ती आत गाडली गेली. मी चष्मा लावला, टॉर्च आणली, गुडघ्यांवर बसून पाहिलं. जिथे भोक होतं तिथे माती होती, पण त्या मातीत एक केसाइतकी बारीक गोल रेघ होती. रेघेच्या आत साळीचे दोन दाणे आणि एक वाकलेला कोंब चिकटवलेला. तिने दार केलं होतं. शेवाळ मिळालं नाही तर रुजवणीतलं जे हाताशी लागलं ते लावून केलं होतं. मी तिथेच बसून राहिले. नैवेद्याच्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या, त्यातला एक मुंगळा फिरत फिरत त्या रेघेजवळ आला. दार एवढंसं उचललं गेलं, दोन पाय बाहेर आले, मुंगळा आत, दार बंद. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला अंघोळीतून हाका मारून बोलावलं.

तो टॉवेलवर उभा राहून बघत होता. "मग? आई पास?" म्हणाला. मी त्याला चापट मारली, पण मनात हो म्हटलं.

सासूबाईंना सगळं कळलं ते नवमीच्या दिवशी. त्या घटासमोर वाकून बराच वेळ रुजवण न्याहाळत होत्या. "ह्या बाजूक कमी कित्याक? पाणी घालूक नाय?" रुजवण एका बाजूला दाट आणि एका बाजूला विरळ, हे त्यांना मंद डोळ्यांनीही दिसलं. आता थाप मारण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. माती, नळी, पेन्सिल, मॅडम. त्यांच्यावरून मी मनात काय बांधलं होतं ते तेवढं सोडून.

त्या रागावल्या नाहीत. मी दाखवलं तिथे बोट न लावता नुसत्या बघत राहिल्या.

"घर केल्यान तेना?"

"हो आई. केलं."

"आनि उद्या तू ता परत मोडतलंस."

एवढंच बोलून त्या उठल्या. खरंच की. दसऱ्याला घट उठणार, परडी रिकामी होणार. एकदा उपटलेली, कशीबशी परत बसलेली ती, तिला मी दुसऱ्यांदा उपटणार होते. इतके दिवस मी ती घर करते का ते बघत होते. घर केल्यावर पुढे काय, याचा विचारच केला नव्हता.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. घट हलवायचा मान घरातल्या सर्वांत मोठ्याचा. सासूबाईंनी अक्षता टाकल्या आणि कलशाला हात लावला. तो हात तसाच राहिला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्यांनी कलश इंचभर सरकवला आणि आत गेल्या. रुजवणीचे कोंब कानामागे लावायलाही थांबल्या नाहीत.

मी उलथन्याने परडीतला तो कोपरा अखंड कापून एका डब्यात उचलून घेतला. मागच्या चढावर तो नेऊन काही उपयोग नव्हता. नव्या बिल्डिंगच्या पार्किंगसाठी तो चढच कापला जाणार होता. एका टोकाला पार्कच्या भिंतीत खिंडार आहे, पावसाचं पाणी तिथून येतं. त्यातून हात घालून पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, मातीत खाच करून मी तो कोपरा बसवला. भोवतीने माती दाबली, शेवाळाचे तुकडे लावले. नवऱ्याने मागून माझा दुपट्टा घट्ट धरला होता. दुपट्टा धरून मी पडायची थांबणार होते थोडीच, पण मी त्याला तो धरू दिला.

परत येताना, नजर तयार झाली होती म्हणून असेल, मला उंबराखालच्या त्या कडेवर इतर दारं दिसायला लागली. एक, मग शेजारी दुसरं, मग मुळांच्या बेचक्यात अगदी बारकी. पिल्लं आईपासून फार लांब जात नाहीत, असं मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणजे ही आख्खी वस्ती होती, आमच्या पंपरूमच्या मागे, आम्ही राहायला यायच्या आधीपासूनची असेल. आणि दिवाळीनंतर इथे जेसीबी येणार होता. मी मॅडमना फोन केला. त्या कॉलेजातल्या मुलींना घेऊन एका रविवारी आल्या, जमतील तेवढी लहान बिळं मातीसकट डब्यांतून पलीकडे नेली. मोठ्या काही त्यांनी काढल्या, काही तशाच राहिल्या. "सगळ्या नाही नेता येत, काकू," त्या म्हणाल्या. आम्ही नव्या घराची स्वप्नं बघतो तेव्हा ती कशावर उभी राहतात, हे मी त्या रविवारी पाहिलं आणि मला आमचीच लाज वाटली. घर सोडायचं तरी आम्ही थांबलो नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी खिंडाराशी जाऊन आले. पाचोळा पडला होता. दार कुठे दिसेना. मॅडम म्हणाल्या, न दिसणं हीच तिची खुशाली. मला काही ते पटलं नाही.

मुलुंडचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. गॅलरीतून डोंगर दिसतो, तोच, पण पलीकडच्या बाजूने. मला वाटलं होतं, सासूबाईंना तेवढा तरी ओळखीचा वाटेल. त्यांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो पाठमोरो आसा." नंतर गॅलरीत गेल्याच नाहीत. हॉलमध्ये दाराशी एक खुर्ची होती, तिच्यावर बसायच्या, पिशवी मांडीवर घेऊन. आपल्याला न्यायला कोणीतरी येणार आहे, असं. जेवण अर्ध्यावर आलं. काय हवं विचारलं की उत्तर यायचं, "बरा आसा."

मी भाजी घ्यायला खाली उतरले तरी दोनदा घरी फोन करायचे. त्यांची झोप जरा लांबली की जाऊन श्वास चालू आहे ना ते बघायचे. मग मी भांडण उकरून काढायला लागले. टीव्ही मुद्दाम मोठ्याने लावला. त्यांची चादर त्यांना आवडत नाही तशी उलटी घडी करून ठेवली. एक दिवस आमटीत मीठ इतकं घातलं की नवऱ्याने पहिल्या घासाला पाण्याचा ग्लास गाठला. सासूबाईंनी ती आमटी भातावर घेऊन शांतपणे खाल्ली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. माझी आईसुद्धा अशीच समजूतदार झाली होती.

डिसेंबर अर्धा सरला असेल. मी बँकेच्या कामाला बाहेर गेले होते आणि रांगेत अडकल्यामुळे फोन करायचा राहिला. घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दार लोटलं तर समोरची खुर्ची रिकामी. पिशवी जमिनीवर. मी चपला घालूनच आत धावले. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या आणि ओटाभर डबे पसरले होते. नव्या घरात मी मोठ्या हौसेने मांडणी केली होती, डाळी एकीकडे, मसाले एकीकडे, प्रत्येकावर चिठ्ठी. त्यातलं काही जागेवर नव्हतं. चहापूड वर गेली होती, तांदूळ खाली आले होते, चिठ्ठ्या सोलून कचऱ्यात.

"हे काय केलंत आई?"

"वायच बाजूक सर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मिठाचो डबो गॅसच्या पाठीमागे कोण ठेवता? तुझ्या आवशीन काय शिकवल्यान तुका? ह्या घरात असा चलूचा नाय."

ह्या घरात, असं म्हणाल्या त्या.

मग मी पर्स खाली टाकली आणि भांडायला लागले. तो डबा मी म्हटलं तिथेच राहील, म्हटलं. त्या म्हणाल्या, बगतंय कसो रवता तो. मी डबा उचलला, त्यांनी माझ्या हातातून ओढला. माझे डोळे वाहत होते आणि आवाज चढत होता, त्यांचाही चढत होता, आणि दोघींपैकी कोणी माघार घेईना. आवाज इतका झाला की समोरच्या फ्लॅटमधल्या बाई धावत आल्या आणि दारातून घाबरून विचारू लागल्या, काय झालं, सगळं ठीक आहे ना?

मी तोंड पुसलं आणि त्यांना सांगितलं, काही नाही हो, आमच्या सासूबाई आजपासून इथे राहायला आल्या.